स्थिती : बंद

रकाना अरुंद नव्हता. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी हेच सांगत आलो, की पडद्यावर त्या जागी तीन-चार अक्षरांपेक्षा जास्त मावत नव्हतं, म्हणून तो शब्द टाकावा लागला. मावत होतं. हवं तेवढं मावत होतं. रकान्याची रुंदी मीच ठरवली होती. आधी शब्द ठरवला आणि मग रकाना त्या शब्दाच्या मापाचा कापला.

दोन हजार चार-पाचच्या आसपासची गोष्ट. मी नागपूरला कॉम्प्युटर शिकून चंद्रपूरला परत आलो होतो आणि माझ्या व्हिजिटिंग कार्डावर सिस्टिम अॅनालिस्ट असं छापलं होतं. त्याचा अर्थ गावात कोणाला कळत नसे. मी प्रोग्राम लिहीत नव्हतो. ते काम नागपूरचे एक गृहस्थ करायचे. मी लोकांसमोर बसायचो, तुमचं काम कसं चालतं, तुम्हाला काय हवं, असं झालं तर काय, तसं झालं तर काय, हे विचारायचो आणि यंत्रानं कसं वागावं ते कागदावर मांडून द्यायचो. यंत्र पुढं तसंच वागायचं. या कामात मी चांगला होतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मी वाईट असतो तर पुढचं घडलं नसतं.

आमचा समाज चंद्रपूर-गडचिरोलीत विखुरलेला. मूल तालुक्यापासून चामोर्शीपर्यंत धानवाले, राजुरा-कोरपन्याकडं कापूसवाले, आणि शहरात नोकरीवाले. समाजाचं नाव लिहीत नाही. समाजाचं एक मासिक निघायचं, ते बंद पडायला आलं होतं, कारण एक अंक अख्खी आळी वाचायची आणि वर्गणी कोणीच भरायचं नाही. तेव्हा मंडळानं ठरवलं, वेबसाइट काढायची. घरटी वर्षाची वर्गणी. साइटवर वधू-वरांची माहिती, नोकऱ्या, घराघराचे फोन नंबर, कुठं कोण वारलं, कुठं कोणाची तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण. समाजातला म्हणून काम मला दिलं.

समाज सभागृहाच्या वरच्या खोलीत बैठका व्हायच्या. सचिव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. मी त्यांना समजावत होतो, की ज्यानं वर्गणी भरली नाही त्याला साइट उघडताच येणार नाही.

"मंग त्याले काय फरक पडते?" सचिव म्हणाले.

"म्हणजे?"

"अरे, तो तसाबी उघडून पाहून नाई राह्यला. त्याच्या गावात लाइन नाई, त्याच्या घरी कॉम्प्युटर नाई. तू त्याच्यासाठी दार लावशीन, पन तो दाराकडं येतेच कुठी?"

सगळे हसले. मीही हसलो, पण त्या क्षणी मला ते काम कळलं. आमच्या वर्गणीदाराला साइट पाहायची नव्हती. त्याला तिथं दिसायचं होतं. पुण्यातल्या भाच्यानं, नागपूरच्या व्याह्यानं पाहिलं तर आपलं नाव तिथं नीट असावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणजे दार लावून उपयोग नव्हता. दार उघडं ठेवायचं, सगळ्यांना सगळं दिसू द्यायचं, आणि ज्यानं भरली नाही त्याच्या नावासमोर तसं लिहून ठेवायचं. मी त्याच रात्री आराखडा बदलला. यादी सर्वांना खुली. प्रत्येक कुटुंबापुढं एक रकाना, त्यावर मथळा 'स्थिती'. आणि दर महिन्याला प्रत्येक तालुक्याच्या प्रतिनिधीनं नेट कॅफेतून यादीची प्रत काढून समाजाच्या सभागृहात चिकटवायची, म्हणजे लाइन नसलेल्या गावातही ती पोचेल. सचिवांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'मुदत संपली'. सरळ शब्द. दुधाच्या पिशवीवर असतो तसा. त्यानं कोणाचं काही बिघडलं नसतं, आणि कोणी वर्गणीही भरली नसती.

मग मी ते खोडून 'बंद' लिहिलं.

आमच्या भागाबाहेरच्यांना हे सांगावं लागेल. आमच्या गावांत एखाद्या घराला समाजानं वाळीत टाकलं, की 'त्याचं बंद आहे' म्हणतात. काय बंद, हे कोणी विचारत नाही. पाणी बंद, बोलणं बंद, लग्नाला बोलावणं बंद, मढ्याला खांदा बंद. ते उघडायचं तर त्या घरानं समाजाला जेवू घालायचं. समाज पंगतीला बसला, घास तोंडात गेला, की घर खुलं झालं. कोर्टात याला आधार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यानं काहीच अडत नव्हतं.

मला तो शब्द पुस्तकातून माहीत नव्हता. मूलकडं माझ्या मामाच्या गावी एक घर बंद होतं. एका म्हाताऱ्याचं. पोरीनं बाहेर लग्न केलं होतं. सुटीत आम्ही पोरं त्या घरासमोरून श्वास रोखून पळायचो. मध्येच ज्यानं श्वास सोडला तो संध्याकाळपर्यंत बंद, त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. कोणी श्वास सोडला ते मी ठरवायचो. मला दिसो न दिसो, मी बोट दाखवायचो, आणि ज्याच्याकडं दाखवलं तो रडकुंडीला यायचा. एकदा तो म्हातारा धानाचा भारा डोक्यावर घेऊन येताना आमच्यासमोरच पडला. आम्ही उभे राहून पाहिलं. मोठी माणसंही होती. त्यानं स्वतःच गुडघ्यावर बसून भारा पुन्हा बांधला, आणि आमच्याकडं न बघता गेला.

तेव्हा त्या शब्दात किती ताकद आहे, हे बैठकीत बसलेल्या कोणापेक्षाही मला जास्त माहीत होतं.

मसुदा वाचून दाखवला तेव्हा हसू पसरलं. "साऱ्यायले एकाच दमात बंद करतं का रे?" कोणीतरी म्हणालं. महिला मंडळाच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"भाऊ, हे बरं नाई दिसत. खेड्यात लोकं याचा दुसराच अर्थ घेतीन."

"बाई, 'चालू' आणि 'बंद'. टीव्हीचं बटण असते ना, तसं. आणि जागाच नाही. रकाना अरुंद आहे."

त्या काळात मराठी अक्षरं पडद्यावर धड उमटत नसत. कुठं चौकोन दिसायचे, कुठं वेलांटी भलतीकडं जायची. त्यामुळं मराठीबद्दल मी काहीही सांगितलं तरी लोक मानायचे. बाईंनी मानलं. सचिवांनी मात्र माझ्याकडं नीट पाहिलं आणि पुढचा विषय घेतला. त्यांना सगळं कळलं होतं.

आणखी एक गोष्ट मी त्या आराखड्यात घातली. मुदत संपली त्या दिवशी यंत्र आपोआप शब्द बदलेल. सवलतीचे दिवस नाहीत, अपवाद नाही, कोणाच्या हातात काही नाही. मी लिहिलं होतं, माणूस मध्ये आला की ओळखपाळख येते. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

यंत्र सुरू झालं आणि वर्गण्या येऊ लागल्या. पळत आल्या म्हणा ना. लोक एसटीनं चंद्रपूरला येऊन सभागृहाच्या पायरीवर बसायचे, "आमचं चालू करा" म्हणायचे. कोणी रागानं फोन करायचं. "काय गुन्हा केला जी आमी?" मी म्हणायचो, "मी काही करत नाही, सिस्टिम करते." वार्षिक सभेत मला शाल दिली.

त्याच वर्षी माझ्या मित्राची आई वारली.

हा मित्र कोरपन्याच्या पुढच्या एका खेड्यातला. समाजाच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. घरची कापसाची शेती होती आणि तो जवळच्या सिमेंट कारखान्यात फिटर होता. त्याची आई दर आठवड्याला गावच्या ड्रायव्हरच्या हाती डबा पाठवायची. ज्वारीच्या भाकरी आणि जवसाची चटणी, दोघांपुरतं. मी डबा उघडून बसलेला असायचो आणि तो नंतर यायचा. "खा बे, तुझ्याचसाठी पाठवते ते," म्हणायचा.

आई नागपूरला दवाखान्यात होती तेव्हा तो तिच्या खाटेखाली चटई टाकून झोपत होता. त्या दिवसांत त्याची वर्गणीची मुदत संपली. त्याच्या ध्यानातही नव्हतं, आणि कोणाच्या राहिलं असतं?

ती गेल्यावर त्यानं मला फोन केला.

"बातमी टाक ना बे साइटीवर. तेरवीचं बी लिव. लोकायले कळलं पायजे."

मी फोटो आणि मजकूर भरला, आणि साइटवर टाकण्याआधी पान पडद्यावर पाहिलं. कुटुंबाची जी स्थिती, ती त्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसाच्या नावाखाली दिसेल, असं मीच आखलं होतं. तेव्हा मला जिवंत माणसंच डोळ्यांसमोर होती. पडद्यावर तिचा फोटो, डोक्यावर पदर, गळ्यात काळी पोत, खाली नाव, आणि नावाखाली : 'स्थिती : बंद'.

मी सचिवांना फोन केला. एवढं मी केलं, हे सांगतो, पण त्याचं श्रेय मागत नाही.

"भाऊ, एवढं एक हातानं बदलून टाकू का? मयतीचं आहे."

"नियम कोनं बनवला?"

"मीच."

"मंग? एकाचं खोललं का सारेच येतीन मयती घेऊन. तुलेच तर पायजे नव्हता ना मधात मानूस?"

मला हवा तोच नकार मिळाला. मला त्यांना न विचारताही बदलता आलं असतं. एक ओळ होती. मी बटण दाबलं आणि बातमी गेली. कोरपन्याच्या प्रतिनिधीनं प्रत काढून सभागृहाच्या भिंतीवर लावली.

तेरवीच्या दिवशी मी गेलो. त्याच्या घरासमोर मांडव होता. आत टाटपट्ट्या अंथरलेल्या, पत्रावळी मांडलेल्या, उडू नये म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा ठेवलेला. मागं चुलीवर भाता-वरणाचे मोठे गंज, फडक्यानं झाकलेले. पंगतीत कोणीच नव्हतं.

समाजाचे लोक आले होते, मात्र रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर उभे होते. धुतलेले कपडे घालून, आसपासच्या गावांतून मोटारसायकली घेऊन. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते. आत जायचं नव्हतं तर घरीच राहता आलं असतं. पण आपण आत गेलो नाही, हे दिसायला तिथं यावं लागत होतं. त्यांच्यातले बरेचसे वाईट लोक नव्हते. भिंतीवर बंद लिहिलेल्याच्या घरी आपण जेवलो तर उद्या आपलंही नाव लागेल, एवढीच त्यांची भीती. शब्द वर्गणीचा आहे हे काहींना ठाऊकही असेल. ठाऊक असून काय उपयोग, पहिला कोण बसणार?

मला पाहून एकानं हाक मारली. "काय जी साहेब, आत जाऊन राह्यले का? तुमच्याच कॉम्प्युटरनं तं सांगतलं ना, बंद हाये म्हून?"

"म्हातारीचंबी बंद हाये म्हने," दुसरा म्हणाला.

"आता यमाकडं जाऊन भरन ते वर्गनी. तिथीबी लाइन असन."

हशा झाला. मी हसलो. हसलो नाही असं लिहायला बसलो होतो, पण हसलो.

मांडवात मित्र पुढं आला. डोकं भादरलेलं, डोळे आत गेलेले. मला पाहून त्याचा चेहरा उजळला, ते मला आजही पाहवत नाही.

"आला बे? बरं झालं. हात धू अन् बस. पयली पंगत तुझ्यापासून. तू बसला का हे सारे येतीन. तुझंच तर हाये ते यंत्र. तूच जेवला म्हंजे कोन काय बोलन?"

बरोबर होतं ते. त्यानं माझ्यापेक्षा चांगलं विश्लेषण केलं होतं. मी बसलो असतो तर तो शब्द तिथल्या तिथं नुसता वर्गणीचा झाला असता. पलीकडचे लोक खर्रा थुंकून रस्ता ओलांडून आले असते. त्याच्या आईची तेरवी झाली असती.

"माझं पोट बिघडलंय रे," मी म्हणालो.

"दोन शितं घे फक्त. एक घास, बस."

"खरंच नको."

त्याची बायको हात धुवायला पाण्याचा लोटा घेऊन आली होती. तिनं तो खाली ठेवला.

"भाऊजी, सासूबाई होत्या तवा तुमचं पोट कधीच नाई बिघडलं."

मी का बसलो नाही, ते आता लिहितो. लोकांची भीती नव्हती. मला कोणी वाळीत टाकलं नसतं. मी बसलो असतो तर त्या शब्दातली जान गेली असती, आणि त्या शब्दावर माझं यंत्र चालत होतं. मी बनवलेल्या गोष्टींत ती एकच गोष्ट अशी होती की जी अचूक चालत होती, आणि ती अचूक चालताना पाहायला मी समोर उभा होतो. त्या मांडवात मला दुःख झालं, आणि त्या दुःखाच्या खाली कुठंतरी समाधानही होतं. हे मी कधी मनातल्या मनातही पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं.

थोड्या वेळानं कारखान्यातले त्याचे सोबती आले. एक मुसलमान वेल्डर आणि त्याचे दोन भाऊ, आणि तेलुगू बोलणारे काही ट्रक ड्रायव्हर. ते सरळ आत जाऊन बसले. मित्रानं त्यांना आग्रह करकरून वाढलं. त्यांच्या जेवण्यानं काही खुलणार नव्हतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. "बुंदी मस्त बनी है भाई," वेल्डर म्हणाला आणि आणखी मागितली. बाकीचं अन्न संध्याकाळी बैलगाडीत घालून कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, गुड्यावर नेलं, असं पुढं ऐकलं. मी दुपारीच निघालो होतो. जाताना पानठेल्यावर मला कोणीतरी खर्रा दिला आणि मी घेतला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं वर्गणी पाठवली. यंत्रानं लगेच शब्द बदलला : चालू. आराखड्याप्रमाणं गोष्ट तिथं संपत होती. पण गाव आराखड्याप्रमाणं चालत नव्हतं. तेरवीला समाज जेवला नव्हता, तेव्हा आता ते घर खरंच बंद झालं होतं. "कॉम्प्युटरवर चालू झालं अशीन, इथी जेवन कुठी झालं?" लोक म्हणाले. विहिरीवर त्याच्या बायकोशी बोलणं सुटलं. मुळात जे नव्हतंच, ते माझ्या एका शब्दानं निर्माण केलं होतं, आणि परत घ्यायला माझ्या आराखड्यात काहीच नव्हतं.

म्हणून त्याला पुन्हा जेवण द्यावं लागलं. या वेळी आईच्या नावानं नाही. घर खुलं करण्याचं, दंडाचं. त्याला समाज आला. चंद्रपूरहून सचिव आले, जीपमध्ये बसवून मलाही घेऊन आले. मी पंगतीत बसलो. तो स्वतः वाढत होता, माझ्यासमोर येऊन थांबला, आणि मागच्या वाढप्याला म्हणाला, "याले हळू वाढ. जागा कमी असते याच्याकडं."

सगळे हसले. रकान्याची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि त्यानं ती क्षणभरही खरी मानली नव्हती. मी मान खाली घालून जेवलो. पानात काही टाकलं नाही.

त्यानंतर मी काम सोडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पुढच्या बैठकीत सचिव म्हणाले, "ते बंद जरा लाल करता येईन का?" मी लाल करून दिलं. वर्षभरात तोच आराखडा आणखी दोन समाजांच्या मंडळांना विकला. शब्दासकट. त्यांच्याही बैठकीत कोणीतरी विचारलं आणि त्यांनाही मी रकाना अरुंद असल्याचं सांगितलं.

तो अजून तिथंच राहतो. लग्नाकार्यात दिसतो. पूर्वी मला "काऊन बे" म्हणायचा. आता दोन्ही हात जोडून "नमस्कार साहेब" म्हणतो आणि पुढं जातो. त्याचा आवाज त्या वेळी अगदी नीट असतो, आणि मी "नमस्कार" म्हणतो.

मी त्याचं देणं लागतो ते असं. समाजाच्या सभेत, त्याच्या देखत, उभं राहून सांगायचं की तो शब्द मी मुद्दाम लिहिला, त्याचं घर कधीच बंद नव्हतं, आणि त्याच्या आईच्या तेरवीला माझं पोट ठीक होतं. हे मी अजून सांगितलेलं नाही.